कुबातचा पायबंद

माझ्या नणंदेचं नाव सैकाल. हे नाव मला लिहिता येतं, तोंडाने घेता येत नाही. आमच्याकडे सुनेने सासरच्या माणसांची नावं उच्चारायची नसतात. मोठ्यांची तर नाहीच, पण धाकट्यांनाही काहीतरी गोड नाव ठेवून हाक मारायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अपांनी, विचारलं, "केलिन, माझ्या लेकीला काय म्हणशील?" मी नवी केलिन, म्हणजे सून, डोक्यावर पांढरा रुमाल, मान खाली. मग अपाच म्हणाल्या, "लाडकी म्हण. आहेच ती लाडकी."

तेव्हापासून, जिच्याबरोबर मी आमच्या किर्गिझ राजधानीत, फ्रुंझेच्या कॉलेजात एका खोलीत राहिले, जिचे बूट उसने घेऊन धावले आणि जिला दर शर्यतीत मागे टाकलं, तिला मी लाडकी म्हणते. आणि ती मला बुरुल सोडून जेंगे म्हणते, वहिनी. म्हणताना डोळे बारीक करते.

दर शर्यतीत म्हणजे जवळजवळ दर शर्यतीत. शेवटच्या वर्षी एकदोनदा ती पुढे आली होती, पण तेव्हा मला सर्दी होती.

मग माझं तिच्या भावाशी लग्न झालं. पुढच्या वसंतात प्रजासत्ताकाच्या चमूसाठी मुली निवडायला सुरुवात झाली, तेव्हा मी मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते. सैकालचा कोट माझ्या मांडीवर होता, आणि मांडीवर जागा थोडीच उरली होती, कारण कुबात पोटात होता. ती चारशे मीटर धावून आली, धापा टाकत माझ्या हातातून कोट घेतला आणि म्हणाली, "जेंगे, तू असतीस तर माझी निवड झाली नसती." ती खरं बोलली म्हणून मला राग आला, की दयेने बोलली म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

यंदा, छप्पन्न साली, ऑगस्टमध्ये मॉस्कोत सगळ्या प्रजासत्ताकांचा क्रीडामेळा भरला. नवं कोरं स्टेडियम उभं राहिलं होतं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर मेलबर्नला ऑलिंपिक असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. आमच्या गावात त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. जन्मात मेंढीमागेसुद्धा धावले नाहीत असे म्हातारे दुकानापुढे उकिडवे बसून चारशे मीटरची चर्चा करत. "पहिल्या वळणावर जोर लावायचा नसतो," असं एक आजोबा मलाच समजावून सांगत होते. मी मान डोलावली. सुनेने दुसरं काय करायचं?

आमचे हे सामूहिक शेतीवर पशुवैद्य आहेत. रेडिओला कान लावून बसायचे, त्यात किर्गिझ हा शब्द आला की मांडीवर थाप मारायचे. एकदा वर्तमानपत्रात संचलनाचा फोटो आला. भिंग घेऊन ते अर्धा तास तो बघत होते आणि मग ओरडले, "ही बघ! झेंड्याच्या काठीमागे. अर्धा कान दिसतोय ना? तो तिचाच."

"कशावरून?"

"माझ्या बहिणीचा कान मला ओळखू येणार नाही?"

तो अर्धा कान त्यांनी कापला आणि खळ लावून कुबातच्या पाळण्यावर, भिंतीला, चिकटवला. सकाळी डोळे उघडले की माझ्या मुलाला आधी आत्याचा कान दिसायचा.

आणि माझा मुलगा चालत नव्हता.

उभा राहायचा. धरून धरून भिंतीकडेने सरकायचा. पण हात सोडला की मटकन खाली. शेजारच्या तुर्सुन एजेंचा नातू कुबातहून लहान, तो कोंबड्यांच्या मागे अंगणभर पळायचा. तुर्सुन एजे कुंपणावर कोपर ठेवून म्हणायच्या, "आईबाप दोघं शिकलेले ना, बाई! पोरगा आधी विचार करणार, मग पाऊल टाकणार." त्या हसायच्या आणि मी पण हसायची. मग घरात येऊन कुबातचे पाय दाबून बघायची. गुडघे, घोटे, टाचा. झोपेत त्याच्या तळव्याला गुदगुली करून बोटं हलतात का बघायची. एकदा तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "हाडं दगडासारखी आहेत. घाबरताय तुम्ही, तो नाही."

मला भीती वाटत होतीच. दिवसभर वाटत असते. चहाच्या उकळत्या समोवाराची, पाटाच्या पाण्याची, विहिरीकडच्या कुत्र्याची. पण ही भीती वेगळी होती. माझ्यात एकच गोष्ट कुणी वाखाणावी अशी होती, आणि ती मुलापर्यंत पोहोचलीच नाही की काय?

सप्टेंबरात मी शिकवते ती शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात सैकाल आली. ट्रक पुरता थांबायच्या आतच तिने खाली उडी मारली. निळा गणवेश, छातीवर पांढरी अक्षरं, केस कापलेले. सगळा गाव गोळा. अपांनी तिच्या डोक्यावरून मूठभर मिठाया उधळल्या. ती सगळ्यांना मिठ्या मारत माझ्यापाशी आली, कुबातला माझ्या कडेवरून उचललं आणि वर फेकलं. मी श्वास घेतला तो त्याला तिने परत झेलल्यावरच सोडला.

तिने सगळ्यांसाठी काहीतरी आणलं होतं. भावाला खिशातलं घड्याळ, अपांना चहाचा डबा, कुबातला लाल रबरी चेंडू. मला डोक्याचा रुमाल. रेशमी, मोठमोठ्या गुलाबांचा. बायका हात लावून बघायला लागल्या. "मॉस्कोचा हो!" मीही म्हटलं, फार सुंदर आहे. पण मला कळलं. धावणारीला धावणारी रुमाल देत नाही. सुनेला देतात.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परत येत होते तर अपा फाटकातच उभ्या. चेहरा असा की मला वाटलं घराला आग लागली.

"चालला!"

"कोण?"

"कोण म्हणजे? कुबात! लाडकी चुलीपाशी बसली होती, तिने नुसते हात पुढे केले, आणि हा भिंत सोडून टुकटुक टुकटुक तिच्याकडे! मी पिठाचे हात तसेच, रडायलाच लागले."

मी आत धावले. सैकाल जमिनीवर पालथी पडली होती आणि कुबात तिच्या पाठीवर बसून तिचे आखूड केस ओढत होता. "बघ बघ, आई आली," ती म्हणाली. "दाखव आईला." तिने त्याला उभं केलं. मी गुडघ्यांवर बसून हात पुढे केले. कुबातने माझ्याकडे बघितलं, मग खाली बसला आणि रांगत आला.

"दमलाय तो," सैकाल म्हणाली. "सकाळपासून किती चालला."

मी त्याला पोटाशी धरलं आणि पाजायला घेतलं. चेहरा झाकायला ते बरं असतं.

त्या संध्याकाळी अपांनी जेवतानाच जाहीर केलं. मूल चालायला लागलं की आमच्याकडे त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पायबंद बांधतात आणि सगळ्यांसमोर तो चाकूने कापतात. ज्याच्या हातून कापला जातो, मूल जन्मभर त्याच्यासारखं चालतं. म्हणून आळशाच्या हाती कुणी चाकू देत नाही, आणि फिरस्त्याच्याही नाही.

"येत्या रविवारी," अपा म्हणाल्या. "मेंढी आपली तांबडी घेऊ. आणि चाकू लाडकीच्या हातात. मॉस्कोत धावून आलेली आत्या घरात असताना दुसरं कोण? लोक दुरून माणसं बोलावतात."

"छान!" आमचे हे म्हणाले.

सैकाल म्हणाली, "अपा, मला नका घालू त्यात." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"गप. लाजतेय बघा."

मी रश्श्याच्या वाडग्यात बघत होते. कुबातचं नाक त्यांच्या घरचं आहे. कान त्यांच्या घरचे. रडणं तर हुबेहूब अपांचं. माझं त्याच्यात काय आहे, हे मी रोज न्हाऊ घालताना शोधते. म्हटलं, पाय तरी माझे असू देत.

"अपा," मी म्हटलं, "पण शर्यत लावायची असते ना? बायका धावतात, पहिली येईल तिला चाकू. तुमच्या सासूबाईंच्या वेळी तसंच होतं, असं तुम्हीच सांगितलंत."

अपा जेवायच्या थांबल्या. "होतं खरं. पण हिच्याबरोबर कोण धावणार? तुर्सुनच्या कोंबड्या?"

"रीत म्हणून."

"बरं, रीत म्हणून धावू दे. आपलीच शोभा. सगळ्या बघतील तरी मॉस्कोचं धावणं कसं असतं."

सैकालने माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं वासरू हरवायला लागलं. रोज, शाळा सुटल्यावर. मी कुबातला अपांकडे सोपवून वासरू शोधायला जर्दाळूच्या बागेमागे जायची, बूट काढून हातात घ्यायची आणि पॉप्लरच्या रस्त्याने धावायची. पहिल्या दिवशी मला वाटलं मी मरणार. बरगडीखाली कळ, तोंडात लोखंडाची चव, छाती दुधाने जड. पण पाय विसरले नव्हते. शनिवारपर्यंत टाचा मातीला नुसत्या शिवायला लागल्या आणि मी एकटीच हसले, गावाजवळच्या तळ्यावरून वारा येत होता त्याच्याकडे तोंड करून.

"वासरू गोठ्यातच असतं की," शनिवारी हे म्हणाले.

"मग मला दिसत नसेल."

"तुला? तुला पलीकडच्या डोंगरावरची माशी दिसते."

मी बादली उचलून पाटावर निघाले. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या घरात माझी एवढीच सोय आहे.

रविवारी अंगण भरलं. मोठ्या कढईत मटण, बाजूला पिठाचे बोर्सोक तळणं चाललेलं, कुमीसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरत होते. मी सकाळीच कुबातला पोटभर पाजलं, मग आतल्या खोलीत जाऊन मॉस्कोचा रेशमी रुमाल घडी करून छातीभोवती आवळून बांधला. फार चांगलं रेशीम आहे. सरकत नाही. वरून झगा घातला आणि बाहेर आले.

कुबातच्या घोट्यांना अपांनी पायबंद बांधला. काळा धागा, पांढरा धागा, एकत्र पिळलेले. तो वाकून ते खायला बघत होता. रीत अशी, की शेवटच्या रेघेपाशी आई मुलाला उभं धरून थांबते आणि बायका गिरणीच्या वळणापासून तिथपर्यंत धावत येतात. वळणावर सैकाल उभी होती. तिच्याबरोबर दोन शाळकरी मुली, आणि लोकांना हसवायला तुर्सुन एजे, झग्याचा घोळ कमरेला खोचून.

"सैकाल, मला जरा आधी सुटू दे गं!" तुर्सुन एजे ओरडल्या. "काल निघाले असते तर बरं झालं असतं!"

अंगण हसलं. अपांनी चाकू रुमालात धरला होता. मी कुबातला उचलून अपांच्या पुढ्यात उभं केलं.

"धरा, अपा."

"कुठे चाललीस?"

"वळणावर."

अपांना कळायला वेळ लागला. तोपर्यंत मी बूट काढले होते.

"अगं, आई धावत नाही! आईने मूल धरायचं असतं! केलिन!"

"आई धावू नये असं कुणी सांगितलंय?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? आपलंच कुमीस, आपणच म्हणायचं गोड! लोक काय म्हणतील?"

लोक म्हणतच होते. मी रस्त्याने वळणाकडे चालत गेले, दोन्हीकडच्या बायका मान वळवून बघत होत्या. तुर्सुन एजे मात्र टाळ्या वाजवायला लागल्या. "येऊ दे, येऊ दे! आता मजा आहे!" आणि स्वतः बाजूला झाल्या. शाळकरी मुलीही सरकल्या. मग तिथे आम्ही दोघीच राहिलो.

"जेंगे," सैकाल हळूच म्हणाली, "रुमाल कुठाय? डोक्याचा?"

"जिथे उपयोग आहे तिथे."

तिने माझ्या छातीकडे बघितलं आणि ओठ दाबले. हसू होतं की काय, मला बघायचं नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी टोपी खाली टाकली आणि आम्ही सुटलो.

मला पुढे फक्त कुबात दिसत होता. लांबवर, एवढासा, अपांच्या गुडघ्यांमध्ये. डाव्या कानाला सैकालचा श्वास ऐकू येत होता. अर्ध्यापर्यंत तो बरोबर होता. मग जरा मागे पडला. बायका किंचाळत होत्या. मी रेघ ओलांडली आणि कुबातसमोर गुडघ्यांवर पडले, आणि ती माझ्या मागून आली.

"केलिनने बाजी मारली!" तुर्सुन एजे. "मॉस्कोचं धावणं वाहून गेलं पाटात!"

सगळीकडे गलका. आमचे हे उभे होते, तोंड उघडं. अपांनी नाइलाजाने चाकूची मूठ माझ्याकडे केली. "घे. बापजन्मात असं बघितलं नाही. घे, मटण गार होतंय."

मी चाकू घेतला नाही. सैकालकडे बघत होते. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तीन वर्षं मी तिला धावताना बघितलंय. कुणाला मागे टाकायचं असेल तेव्हा ती हनुवटी वर उचलते, घोड्याने लगाम झुगारावा तशी. कितीही दमली असली तरी उचलते. आज तिची हनुवटी जागची हलली नव्हती.

"सैकाल!" मी म्हटलं. "तू सोडलीस!"

कढईतल्या तुपाचा आवाज ऐकू यायला लागला. एका बाईने गाल धरले. अपांच्या हातातला चाकू तसाच पुढे राहिला.

"काय म्हणालीस?" अपांचा आवाज बारीक झाला. "कुणाचं नाव घेतलंस? एवढ्या माणसांत?"

मला माघार घेता आली असती. तोंडावर हात ठेवायचा, मान खाली घालायची, धापेत चुकून गेलं म्हणायचं. सैकालने ती वेळच येऊ दिली नाही.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "मोठ्याने. दोन वर्षांनी ऐकतेय."

"तू सोडलीस, सैकाल."

"बरं, सोडली. तुला चाकू हवा होता ना? तो समोर आहे. घे."

"दिलेला नको मला."

"मग काय, हिसकावलेला हवा?"

"हो!"

"अशी कशी गं तू!" ती आता खरोखर चिडली होती आणि तिचा चेहरा कॉलेजातल्यासारखा लाल झाला. "धावलं तरी तुला खुपतं, नाही धावलं तरी खुपतं. रुमाल आणला तरी खुपला. तुझं पोरगं माझ्याकडे चालत आलं तेव्हा तर असं बघितलंस, मी काय त्याला चोरून मॉस्कोला नेणार होते?"

"तू त्याला वर का फेकतेस?"

"कारण तो हसतो!"

"पडला असता म्हणजे?"

"पडला का?"

"मुलींनो," अपा म्हणाल्या, "मुलींनो, माणसं बघताहेत."

"बघू देत, अपा. चाकू धरा," सैकाल म्हणाली आणि गिरणीच्या वळणाकडे चालायला लागली. दोन पावलं जाऊन मागे वळली. "येतेस ना? की सर्दी झालीय?"

कुबात आता रडायला लागला होता. पाय बांधलेले, आई पुन्हा पाठ फिरवून चाललेली. माझा पाय अडखळला. मी वळून त्याला घेतलं असतं तर कुणीही काही म्हटलं नसतं. पण घेतलं असतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं. मी गेले.

या वेळी कुणी हसलं नाही. टोपी पडली. पहिल्यापासून ती माझ्या खांद्याला खांदा लावून होती आणि मी जीव खाऊन पळत होते, वासरू शोधताना कधी पळाले नव्हते तशी. अर्ध्यावर मला वाटलं, आहे, माझ्यात आहे अजून. तेवढ्यात ती माझ्या डोळ्यांच्या कडेतून पुढे सरकली. आधी कोपर. मग खांदा. मग सगळी पाठ. आमचे हे कुठूनतरी ओरडत होते, "धाव! धाव गं!" आणि ती पाठ लांब लांब गेली. हनुवटी वर. मला तिचा अर्धा कान दिसला.

जवळजवळ नव्हतं ते. थोडक्यात हुकलं म्हणावं असं काहीही नव्हतं. ती रेघेवर पोहोचून वाकली तरी मी अजून येतच होते.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, हात गुडघ्यांवर. मग ती खाली मान घालूनच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मॉस्कोत एवढं पळाले नव्हते."

"उगाच नको."

"खरंच. तिथे मागून कुणी येतच नव्हतं. सगळ्या पुढेच होत्या."

मी मान वर केली.

"शेवटची आले, बुरुल. माझ्या फेरीत. शेवटून दुसरी नाही, शेवटची. अपांना सांगू नकोस. आणि दादाला तर नकोच, तो कान भिंतीवरून काढावा लागेल." तिने नाक पुसलं. "म्हणून मला कापायचा नव्हता. माझ्यासारखा चालला म्हणजे पोरगा कुठे पोहोचणार?"

मला आनंद झाला. काय लपवायचं, झाला. पोटातून वर येणारा, गरम, रश्श्यासारखा आनंद. शेवटची! आणि तो घशापर्यंत येतो न येतो तोच दुसरा हिशेब सुचला. ती शेवटची, आणि मी तिच्याहून एवढी मागे. मग मी कुठली?

"सगळ्यांच्या मागे? थोडी?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या. पुष्कळ."

"पहिल्या वळणावर जोर लावला असशील."

"लावला."

"लावायचा नसतो," मी म्हटलं.

ती हसायला लागली आणि मग तिला खोकला आला. मी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, लागतील इतपत.

अपा ओरडल्या, "आता कुणी कापणार आहे की पोराने बांधलेल्या पायांनीच लग्नाला जायचं?"

मी कुबातला अपांच्या हातून घेतलं, डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे त्याला रेघेपाशी उभं धरलं. सैकाल खाली बसली. मी तिच्या हाताकडे बघत होते. चाकूची धार बाहेरच्या बाजूला आहे ना, घोट्याला लागत नाही ना. तिने मधला पीळ बोटाने उचलला, धार खालून घातली आणि एका झटक्यात कापला. चांगला कापला. माझ्या हाताने एवढा साफ आला असता की नाही, सांगता येत नाही.

मग कापणाऱ्याने मुलाला बोट धरून चालवायचं असतं. तिने बोट पुढे केलं, कुबातने ते धरलं आणि निघाला. पोट पुढे, पाय फाकलेले, बदकासारखा. ती त्याच्याबरोबर वाकून चालत होती. बायकांनी मिठाया उधळल्या. माझे हात रिकामे होते, त्यांचं काय करावं मला समजेना, म्हणून मी बूट शोधून घातले.

संध्याकाळी माणसं पांगली. तुर्सुन एजे जाता जाता म्हणाल्या, "केलिन, पुढच्या पोराच्या वेळी मलाही शिकव. मी पण नावं घेईन म्हणते." नावाबद्दल अपा माझ्याशी बोलत नव्हत्या. उष्टी भांडी गोळा करताना स्वतःशीच पुटपुटत होत्या, शिकलेली सून आणली की असंच, शिकलेली सून आणली की असंच. मी ह्यांना अंगणात गाठलं.

"धाव म्हणून कुणाला ओरडत होतात?"

"कधी?"

"दुसऱ्यांदा."

ते टोपीशी खेळत राहिले. "जी ऐकेल तिला," ते म्हणाले आणि घोड्याला पाणी दाखवायला गेले. घोडा तासाभरापूर्वीच पाणी प्यायला होता.

चहाला घरचीच माणसं होती. समोवार माझ्यापुढे, कारण चहा सुनेने ओतायचा. कुबात सैकालच्या मांडीवर, पायबंदाचा तुकडा मुठीत धरून पेंगत होता. मी हात पुढे करून बघितला, आला नाही. मी अपांची वाटी भरली, ह्यांची भरली, रोजच्यासारखी अर्ध्याला कमी, दूध आधी, चहा वरून. मग सैकालची वाटी घेतली आणि तोटी उघडली. आणि बंदच केली नाही. चहा काठापर्यंत आला, काठावर फुगून थांबला. मी ती वाटी दोन्ही हातांनी, अदबीने, तिच्यापुढे ठेवली.

अपांचे डोळे मोठे झाले. दिवसभराचा अबोला विसरून त्या म्हणाल्या, "केलिन! काठोकाठ? पी आणि चालती हो, असं म्हणतेस माझ्या लेकीला? तिच्याच घरात?"

सैकालने वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. कुबातला एका हाताने सावरून, एक थेंब न सांडता तिने वाटी उचलली, पोळत असूनही सगळी एका दमात प्यायली आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"अजून घाल," ती म्हणाली. "मी आठवडाभर आहे."

मी वाटी घेतली आणि पुन्हा काठोकाठ भरली.